पाण्यापर्यंत पोहोचेतो पाँटून बोट ढिली का पडते?

घरून निघताना दोन्ही ट्यूब ढोलासारख्या वाजत असतात. दीड-दोन तासांनी काठावर गाडी थांबते, टपावरून बोट खाली येते, अंगठा दाबून पाहावा तर डावी ट्यूब उशीसारखी आत जाते. मग तिथेच ठिगळाची पिशवी उघडायची, साबणाचं पाणी करायचं, उन्हात गुडघ्यांवर बसून भोक शोधायचं. भोक काही सापडत नाही. शेवटी वैतागून पुन्हा हवा भरून पाण्यात उतरावं, तर बोट संध्याकाळपर्यंत टणक. पुढच्या खेपेला पहिले पाढे पंचावन्न.

ही तक्रार मी स्वतःच्या बोटीवर आणि मासेमारीच्या टोळक्यातल्या इतरांच्या बोटींवर इतक्यांदा निस्तरली आहे, की आता ‘गळते’ म्हणून बोट कुणी दाखवली तर मी आधी ट्यूब बघत नाही, ती गाडीवर बांधली कशी होती ते विचारतो. जी बोट दिवसभर पाण्यात टिकते आणि फक्त रस्त्यावर ढिली पडते, तिला बहुतेक वेळा भोक नसतं. रस्त्यात तिला काहीतरी छळत असतं.

इथे मी बोलतोय ती छोटी, एका माणसाची, क्वचित दोघांची बोट: दोन लांब हवेच्या ट्यूब, त्यांवर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मध्ये खुर्ची, दोन्ही बाजूंना वल्ही. बऱ्याच बोटींत ट्यूबला दोन थर असतात. बाहेर जाड कापडाची चेन असलेली खोळ, आत हवा धरणारा पातळ ब्लॅडर. काहींत ब्लॅडर नसतो, कापडच हवा धरतं. तुमची कोणती आहे हे आधी पाहून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

आधी लक्षणं

दोन्ही ट्यूब साधारण सारख्याच ढिल्या झाल्या असतील, तर संशय हवामानावर. एकच ट्यूब, आणि दर वेळी तीच, तर संशय हवा भरायच्या व्हॉल्व्हवर आणि बोट गाडीला बांधायच्या पट्ट्यावर. दर वेळी एकच, पण कधी डावी कधी उजवी, तर जवळजवळ नक्कीच बांधणी. कारण भोक काही या ट्यूबमधून त्या ट्यूबमध्ये उडी मारत नाही.

उलट लक्षणही असतं आणि ते जास्त वाईट. पोहोचल्यावर ट्यूब दगडासारखी कडक, शिवणीपाशी कापड ताणून पांढुरकं दिसतंय, चेनचे दात फाकलेत. याकडे लोक कौतुकाने बघतात, ‘काय टाईट राहिलीय!’ म्हणून. तसं करू नका, लगेच थोडी हवा सोडा.

बाकीची लक्षणं डोळ्यांना आणि कानांना कळतात. वाटेत टपावरून घूंऽऽ असा आवाज येतो. उतरवताना बोट मुळात ठेवली होती तिथून वीतभर सरकलेली असते. फ्रेमखालच्या कापडावर गुळगुळीत चकाकणारा किंवा उलट धुरकट, केसाळ झालेला भाग दिसतो. ट्यूब एका ठिकाणी फुगीर आणि पुढे चपटी, किंवा व्हॉल्व्ह तिरका बसलेला. फ्रेम हलवली की खुळखुळते. आणि काठापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांत बोट ओढता ओढता एका बाजूला कलंडते.

पहिली तपासणी: हवा गेली की आकसली?

याला एक पैसा लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून ही पहिली.

छोट्या पाँटूनमध्ये दाब अगदी कमी असतो, साधारण २ ते ३ पीएसआय. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला किंवा पुस्तिकेत असतो, तोच धरा. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात, तिथे एखादा पीएसआय इकडे-तिकडे झाला तर कळतही नाही. इथे एक पीएसआय म्हणजे निम्मा जीव. तापमानाचा फरक म्हणूनच इथे एवढा जाणवतो.

हिशेब असा. आतल्या हवेचा खरा दाब म्हणजे गेजवर दिसतो तो अधिक बाहेरच्या वातावरणाचा, समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय. दुपारी ३५ अंशांत तुम्ही २.५ भरलेत, म्हणजे एकूण १७.२. पहाटे २० अंशांत निघालात तर हा एकूण दाब तापमानाच्या प्रमाणात उतरून १६.४ च्या आसपास येतो आणि गेजवर उरतात जेमतेम १.७. हवेचा एक बुडबुडाही बाहेर न जाता तिसरा हिस्सा दाब गायब! वर बोट १५ अंशांच्या गार पाण्यात ठेवलीत की आणखी उतरतो, १.४ च्या आसपास.

आता उलटं बघा. पहाटे २० अंशांत टणक भरून, काळपट रंगाची बोट उघड्या टपावर टाकून उन्हात निघालात. आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली तर तेच २.५ चढून चारच्या पुढे जातात. कापड थोडं ताणतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा कमी येईल, पण शिवणीला ते बघवत नाही. बोट धावत असते तेव्हा वारा तिला गार ठेवतो. गाडी उभी करून तुम्ही चहाला बसता, तेव्हा ती फाटते.

तिसरा भिडू उंची. डोंगरातल्या तळ्याकडे जाताना दर ६०० मीटर चढाईला बाहेरचा दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो आणि ट्यूब तेवढी जास्त फुगते. घाट चढून वर गेल्यावर बोट कडक आणि परतीला खाली आल्यावर ढिली, हे वेळापत्रक ओळखीचं वाटत असेल तर व्हॉल्व्ह बदलायला जाऊ नका.

तपासायचं कसं? बोट भरा, गेजवर दाब आणि त्या वेळचं तापमान कागदावर लिहा, सावलीत रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी *त्याच तापमानाला* पुन्हा मोजा. दाब तोच असेल तर बोट निरोगी आहे, विषय संपला. टायरचा गेज यासाठी चालत नाही, त्याचा काटा दोन-तीन पीएसआयला जागचा हलतच नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

उपाय साधा. प्रवासात ट्यूब पूर्ण भरू नका. मी नेमलेल्या दाबाच्या साठ-सत्तर टक्के ठेवतो: आकार धरून राहील, अंगठा थोडा आत जाईल. काठावर पोहोचलं की बोट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायची, ती पाण्याइतकी गार झाली की उरलेली हवा भरायची. यासाठी पंप सोबत असलाच पाहिजे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मात्र भरू नका. त्याचा दाब ट्यूबला पेलणारा नाही आणि ‘बस’ म्हणेपर्यंत चेन उसवलेली असते.

दुसरी तपासणी: व्हॉल्व्ह

एकच ट्यूब ढिली पडत असेल तर इथे थांबा आणि घाई करू नका. इथे वेळ जातो, खर्च मात्र जवळजवळ नाही.

छोट्या बोटींवर साधारण दोन जातीचे व्हॉल्व्ह दिसतात. एक बोस्टन व्हॉल्व्ह: दोन मजली. वरचं टोपण काढून हवा भरायची, खालचं मोठं कडं फिरवून काढलं की भसकन सगळी हवा बाहेर. आत रबराची पातळ चकती असते, तीच हवा अडवते. दुसरा स्प्रिंगचा, हॅल्की-रॉबर्ट्स प्रकारचा: मधला खुंटा दाबला की उघडतो, दाबून थोडा फिरवला की उघडाच अडकून राहतो, परत फिरवला की स्प्रिंगने वर येऊन बंद.

बोस्टनची दोन दुखणी. रबराच्या चकतीखाली वाळूचा एक कण अडकलेला असतो, किंवा खालचं कडं रस्त्याच्या खडखडाटाने पाव आटा सैल झालेलं असतं. चकती बोटाने उचला, ओल्या फडक्याने पुसा, कड दुमडलेली किंवा तडकलेली नाही ना बघा. कडं हातानेच घट्ट करा; पक्कड लावली तर प्लास्टिकचे आटे जातात.

स्प्रिंगवाल्यात खुंटा वर आलाय ना, ते डोळ्यांनी बघा. अर्धवट अडकलेला खुंटा दिसायला बंदच दिसतो. आणि दोन्ही प्रकारांत वरचं टोपण लावाच. अनेकजण समजतात की टोपण धुळीसाठी आहे. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये ते दुसरं कुलूप असतं.

मग थुंकी किंवा साबणाचा फेस. व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि *बुडाभोवती* लावून मिनिटभर टक लावून बघा. तोंडावर फुगा आला तर उपाय वर सांगितलाच आहे. बुडाभोवती, म्हणजे व्हॉल्व्ह कापडाला किंवा ब्लॅडरला जोडलाय तिथे बुडबुडे आले, तर ती गोष्ट वेगळी, शेवटच्या भागात.

आता या सगळ्यातला माझा आवडता गुन्हेगार. एका मित्राच्या बोटीची डावी ट्यूब तीनदा ‘दुरुस्त’ झाली होती. तिसऱ्या ठिगळानंतरही तेच. आम्ही बोट नेहमीसारखी त्याच्या गाडीवर बांधली आणि गाडी सुरू न करता मी नुसता पट्ट्यावर हाताने भार देऊन बघितला. फुस्. हात काढला, आवाज बंद. पुन्हा भार, पुन्हा फुस्. पट्टा बरोबर स्प्रिंगच्या व्हॉल्व्हवरून गेला होता आणि टोपण त्याने कधीच हरवलं होतं. प्रत्येक खड्ड्याला पट्ट्याची कड खुंटा दाबत होती आणि ट्यूब एक उसासा टाकत होती. दोन तासांच्या रस्त्यावर किती खड्डे असतात ते तुम्हाला माहीत आहे. पट्टा वीतभर पुढे सरकवला, नवं टोपण लावलं, दुखणं गेलं. तीन ठिगळं मात्र अजून तशीच आहेत.

तेव्हा बांधून झाल्यावर बोटीभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर, फ्रेमचा पाइप असो की पट्टा, काहीही टेकलेलं नाही ना हे हाताने चाचपा. नुसतं बघून कळत नाही, कारण व्हॉल्व्ह बहुधा आतल्या अंगाला असतो.

तिसरी तपासणी: पट्टे आणि बांधणी

मूळ नियम एकच: पट्टा फ्रेमला बांधा, हवेला नाही. ट्यूबवरून आवळलेला पट्टा सकाळी घट्ट असतो, ट्यूब गार पडून आकसली की सैल, उन्हात फुगली की ट्यूबला कापणारा. लोखंड आकसत नाही, निदान तुम्हाला कळण्याइतकं नाही.

बोट जोडलेली न्यायची असेल तर मी खुर्ची काढतो आणि बोट उलटी ठेवतो, म्हणजे फ्रेम खाली कॅरिअरच्या दांड्यांवर बसते आणि ट्यूब आभाळाकडे. पट्टे फ्रेमच्या पाइपांतून ओवून थेट दांड्यांना. असं केलं की ट्यूबवर कुणाचाच भार येत नाही. प्रवास लांबचा असेल तर मी फ्रेम सुटी करून आत टाकतो आणि ट्यूब हवा काढून गुंडाळतो. काठावर वीस मिनिटं जास्त जातात, पण वाटभर आरशात बघत मान दुखत नाही. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, मलाही पूर्वी पटत नसे.

रॅचेटचा, म्हणजे दांडा हलवत खटक्याखटक्याने आवळायचा पट्टा, की साध्या दाबाच्या बकलचा? ट्यूबवरून एखादा पट्टा जाणारच असेल तर साधं बकल. त्याला हाताने ओढता येईल तेवढंच बळ लागतं. रॅचेटच्या खटक्याला दया नाही. दोन खटके जास्त मारले तरी हाताला काही जाणवत नाही आणि खाली ट्यूब डमरूसारखी होते. रॅचेट फ्रेमसाठी ठेवा. रबरी ताणाच्या दोऱ्या बोट धरून ठेवण्यासाठी कुठेच वापरू नका. त्या फक्त पट्ट्यांची लोंबती टोकं बांधायला बऱ्या. नायलॉनची दोरी भिजली आणि ताण बसला की लांबते, म्हणून पावसात सुटते. पॉलिस्टरचा पट्टा घ्या.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर चपटा पट्टा वाऱ्यात थरथरतोय. मोकळ्या भागात त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो. आवाजाचं कौतुक नाही, पण थरथरणारा पट्टा कापड घासतो आणि बकलही हळूहळू सोडतो.

पुढून आणि मागून एकेक दोरी गाडी ओढून न्यायच्या हुकांना हवीच. वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं: ५० च्या वेगाला जेवढं, १०० ला त्याच्या चौपट. ट्यूबचं वर वळलेलं नाक म्हणजे वाऱ्याला दिलेली पकड. टपावरची बोट आधी नाकाकडून उचलली जाते, मागून नाही. कॅरिअरवर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि त्या आकड्यात बहुधा कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे विसरू नका. बोट मागे लोंबत असेल तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाऊ देऊ नका, टोकाला लाल फडकं बांधा, आणि किती लोंबलेलं चालतं याचा तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबा आणि सगळे पट्टे पुन्हा ओढून बघा. पहिल्या पंधरा मिनिटांतच सगळं बसतं, दबतं, सैल होतं. नंतर दर थांब्याला एक हात फिरवला तरी पुरे.

चौथी तपासणी: घासणं

हे हळू मारतं. एका खेपेत काही दिसत नाही, एका हंगामात खोळीचा लेप जातो आणि खालचे धागे दिसायला लागतात.

शोधायची युक्ती सांगतो. बोट बांधून झाली की ट्यूब आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे खडूने एक सलग रेघ ओढा: अर्धी पाइपवर, अर्धी कापडावर. कॅरिअरच्या दांडीवरही तशीच. उतरल्यावर रेघ तुटून दोन तुकडे झाले असतील, तर मधलं अंतर म्हणजे तुमची बोट वाटभर तेवढी पुढेमागे सरकत होती. बोटाच्या पेरापेक्षा जास्त अंतर असेल तर बांधणी बदला.

सरकणं थांबवलं तरी वाळू उरतेच. फ्रेमखाली अडकलेली ओली वाळू म्हणजे पॉलिशपेपर. परत निघण्याआधी फ्रेम आणि ट्यूबच्या मधली खाच पाण्याने धुवा. त्या निमित्ताने शेवाळ आणि गवताचे तुकडेही निघतात. एका तळ्यातली जीवसृष्टी दुसऱ्या तळ्यात नेणं तसंही वाईट. दांड्यांवर जुन्या गालिच्याचा तुकडा किंवा पाइपचं फोम बांधा. उघड्या टेंपोत बोट नेत असाल तर मागच्या फळीची कड बघा. बोट बाहेर झुकते ती बरोबर त्या कडेवर, आणि तिथेच खोळ जाते.

आणि गुंडाळून नेणाऱ्यांसाठी: फ्रेमचे सुटे पाइप ट्यूबच्या गुंडाळीत खुपसू नका. जागा वाचते खरी, पण पाइपचं उघडं तोंड आतल्या ब्लॅडरला नखासारखं लागतं. दर वेळी त्याच घडीवर दुमडू नका, आणि थंडीत आखडलेलं पीव्हीसी जबरदस्तीने मोडू नका. थोडं उन्हात ठेवा, मऊ पडतं.

पाचवी तपासणी: ब्लॅडरला पीळ

फक्त दोन थरांच्या बोटींसाठी. ट्यूब एकीकडे फुगीर, दुसरीकडे चपटी, व्हॉल्व्ह खोळीच्या भोकातून तिरका डोकावतोय: ब्लॅडर आत पिळला गेलाय. अर्धवट भरलेली बोट पट्ट्यांखाली सरकली की असं होतं. म्हणजे पहिल्या तपासणीत मी सांगितलेला उपाय, प्रवासात हवा कमी ठेवण्याचा, ढिल्या बांधणीसोबत केलात तर हे नवं दुखणं मिळतं. म्हणूनच हवा निम्म्याखाली आणू नका. त्यापेक्षा ती पूर्ण काढलेली बरी.

पूर्ण हवा काढा, चेन उघडा, ब्लॅडर बाहेर काढून सपाट पसरा. त्याची शिवण आणि खोळीची चेन एका रेषेत येतील असा परत बसवा, व्हॉल्व्ह भोकातून सरळ वर. वरून टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे ब्लॅडर खोळीला न चिकटता सरकून आपली जागा घेतो. चेन लावा, थोडीच हवा भरा, ट्यूब दोन्ही हातांनी थापटून घ्या, मग उरलेली भरा. चेनचा सरका शेवटाला नेऊन दोऱ्याने बांधा. प्रवासात तो स्वतःहून मागे येतो आणि उघड्या फटीतून ब्लॅडर बाहेर फुगतो. असा फुगा दिसला तर तो बोटाने आत ढकलत बसू नका. आधी हवा सोडा.

सहावी: फ्रेम आणि शेवटची शंभर पावलं

खुळखुळणाऱ्या फ्रेमचं कारण नव्वद टक्के वेळा सैल नट किंवा पूर्ण बाहेर न आलेली दाबाची पिन. प्रत्येक पिन भोकातून पुरती बाहेर आली आहे का ते अंगठ्याने दाबून बघा. सारखे सैल होणारे नट बदलून नायलॉनच्या कड्याचे लॉकनट लावा. मग वेल्डचे सांधे पुसून, उजेडात, विशेषतः वल्ह्यांच्या खुंट्याजवळ आणि, बोट ओढायला फ्रेमला चाक असेल तर, त्या चाकाच्या जोडाजवळ बघा. केसाएवढी काळी रेघ दिसली, नखाला अडली, तर ती तडा आहे.

काठापर्यंत बोट ओढताना कलंडते, कारण सामान चाकाच्या मागे किंवा एका बाजूला बांधलेलं असतं. वजन चाकाच्या थोडं तुमच्या बाजूला घ्या, म्हणजे हातात हलका भार राहील आणि मागचं टोक जमिनीला लागणार नाही. नांगर आणि बॅटरी आधी वेगळी नेऊन ठेवा. चाक नसेल तर दोघांनी उचला. खडीवरून ‘जरासं’ ओढलेलं पुढच्या खेपेला ट्यूबच्या पोटावर दिसतं.

सातवी: खरंच भोक असेल तर

इथपर्यंत येऊनही रात्रभराच्या परीक्षेत एक ट्यूब उतरत असेल, तर आता शोधा. ब्लॅडर बाहेर काढून थोडी हवा भरा आणि टबात एकेक भाग बुडवून बुडबुडे बघा. ब्लॅडर नसेल तर साबणाचं पाणी फवारा, शिवणींपासून सुरुवात करा. सापडलेली जागा लगेच पेनने गोल करा. ओलं पुसलं की ती जागा पुन्हा सापडत नाही, अनुभवाचे बोल आहेत.

ठिगळ कापडाच्या जातीचं हवं आणि गोंदही. पीव्हीसीचा गोंद आणि हायपालॉन या कृत्रिम रबराचा गोंद वेगळे आहेत, एकाचा दुसऱ्याला नीट धरत नाही. झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका. तो वाळून काचेसारखा होतो आणि ट्यूब फुगली की तडकतो. ठिगळाचे कोपरे गोल कापा, भोकाच्या चारी बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जास्त ठेवा, आणि गोंदाच्या डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा पूर्ण दिवस, हवा न भरता जाऊ द्या.

इथे हात थांबवा

शिवण उसवली असेल, किंवा व्हॉल्व्हच्या बुडाभोवती बुडबुडे येत असतील, तर बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. भोकावरचं ठिगळ सपाट बसतं. शिवणीवरचं आणि व्हॉल्व्हच्या बुडाचं काम आतून, गरम हवेने किंवा योग्य गोंदाने दाबाखाली करावं लागतं. घरी केलेलं आठवडाभर टिकतं आणि नंतर त्याच जागेची पुढची दुरुस्ती अवघड करून ठेवतं. फक्त ब्लॅडर गेला असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा ब्लॅडर घेणं सोपं.

फ्रेमला तडा असेल तर ती बोट पाण्यातही नको आणि टपावरही नको. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग कोपऱ्यावरच्या लोखंडी गेटवाल्याचं काम नाही. त्याला विचारलं तर तो ‘होईल’ म्हणेल. अ‍ॅल्युमिनियमवर रोज काम करणारा टिग वेल्डर शोधा.

कॅरिअर हाताने हलवल्यावर त्याचे पायच टपावर हलत असतील, तर पट्टे आवळून काही होणार नाही, गाडीच्या मेकॅनिककडे जा. ट्रेलर वापरत असाल तर थांब्यावर चाकाच्या हबजवळ हात न्या. कोमट ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम, किंवा चाक फिरवताना करकर आवाज, तर बेअरिंग गेलं आहे. तसाच ‘हळूहळू’ घरापर्यंत नेऊ नका, चाक निघून येतं. ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलत असेल तर सामान पुढे घ्या, एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा जोडणीवर यायला हवा. तरीही डोलत असेल तर जोडणी तपासून घ्या, तोवर रस्त्यावर काढू नका.

काठावर पोहोचून हवा भरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा एक ट्यूब ढिली पडली, तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. लाइफ जॅकेट अंगात असलं तरी नाही. अशी बोट काठाजवळ ठीक वाटते. वारा सुटल्यावर मधोमध ती एका बाजूला बसते आणि त्या बाजूचं वल्हं पाण्यात नीट लागत नाही. गळ काठावरूनही टाकता येतो, मी तसे बरेच दिवस काढलेत.